जऱ्हाड सरांचं वाकडं कॉटेज

"बाकी काहीही म्हण, पण कूड म्हणू नकोस," असं तातेराव जऱ्हाड सर कल्याण ठेकेदाराला म्हणाले, तेव्हा घराचा पाया खणायचा होता आणि सरांचा रक्तदाब अजून माणसासारखा होता.

भोकरदनच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले सर बदनापूरजवळ ढोकमाळला, आपल्या गावी, घर बांधायला आले होते. निवृत्त माणूस बांधतो तसं त्यांनी बांधलं असतं, म्हणजे दोन खोल्या, ओटा, वर स्लॅब आणि स्लॅबवर पाण्याची काळी टाकी, तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण मागल्या उन्हाळ्यात ते मुलीकडे, राजनंदिनीकडे, विलायतेला राहून आले. ती राहते त्या हेरफर्डशर परगण्यात चार-चारशे वर्षांपूर्वीची लाकडी सांगाड्याची घरं गल्लोगल्ली उभी आहेत. पांढऱ्या भिंती, त्यात काळ्या लाकडाच्या चौकटी, वर गवताचं जाड छप्पर. सरांनी ती पाहिली आणि ते जे बिघडले ते बिघडलेच. मुलीनं किल्ले दाखवले, संग्रहालयं दाखवली. सर आपले कुणाच्या तरी भिंतीवर टकटक करून कान लावून उभे. एका म्हाताऱ्या मडमेनं पोलिसांना बोलवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"तर कल्याण, नीट ऐक. या घराला कॉलम नाही. बीम नाही. सळई नाही. खिळासुद्धा नाही."

कल्याणनं चहाचा कप खाली ठेवला. हा जालन्याच्या सळईवर वाढलेला माणूस. देवळाच्या पायरीलाही तो सळई सुचवायचा.

"मंग घर उभं कशानं राहतं, सर?"

"सांगाड्यानं. एका लाकडाला भोक पाडायचं, दुसऱ्याला जीभ काढायची, जीभ भोकात बसवायची आणि आरपार लाकडाची खुंटी ठोकायची. सगळं वजन सांगाडा घेतो. भिंत म्हणजे नुसता पडदा. चौकटीत काटक्या विणायच्या आणि दोन्ही अंगांनी माती, भुसा, शेण कालवून लिंपायचं. वर चुना."

कल्याणनं बराच विचार केला. "काटक्या कशाच्या?"

"तिकडं हेझल नावाचं झाड असतं. आपण कापसाच्या पऱ्हाट्या वापरू."

"पऱ्हाट्या, माती अन् शेण. सर, म्हंजी कूड."

"वॉटल अँड डॉब," सर म्हणाले, आणि मग ते वरचं वाक्य म्हणाले.

लाकडाचा प्रश्न निघाला. इंग्रज लोक ओक वापरत. बदनापूर तालुक्यात ओक उगवत नाही, हा तालुक्याचा दोष. सरांनी तो मोठ्या मनानं पोटात घातला आणि आपल्या बांधावरच्या बाभळी पसंत केल्या. त्यातही सरळ खोडं सोडून नेमकी वाकडी. कारण जुन्या इंग्रज सुतारांची अशी रीत होती, की मुळातच वाकलेलं खोड मधोमध चिरायचं आणि त्याच्या दोन फाकी समोरासमोर टेकवायच्या, म्हणजे घराची अख्खी कमान तयार. या कमानीला क्रक म्हणतात. कल्याण तिला 'कुरूप' म्हणायचा. आधी सरांना वाटलं, उच्चाराची अडचण असेल.

"अन् वाळवायला किती दिवस ठेवायची, सर?"

"वाळवायची नाहीत! ओलीच वापरायची. लाकूड जागेवर वाळतं, आकसतं आणि सांधा असा आवळून धरतं की शतकानुशतकं सुटत नाही."

"तिकडं किती दिवसांत वाळतं?"

"दिवसांत नाही. वर्षानुवर्षं, हळूहळू."

कल्याणनं डोळ्यावर हात धरून वर सूर्याकडं पाहिलं. मार्च लागला होता आणि कुत्री दहा वाजताच सावलीला जाऊन पडत होती. पण तो काही बोलला नाही. ठेकेदार गप्प बसला की घरमालकानं घाबरायला हवं, हे सरांना कुणी शिकवलं नव्हतं.

सांगाडा उभा राहिला आणि लिंपायला बाया मिळेनात. सर स्वतः समोरच्या गोपिकाबाईंकडं गेले. गोपिकाबाईंचा हात अख्ख्या गावात नावाजलेला.

"सर, आमची हयात गेली शेणात हात घालून," गोपिकाबाई म्हणाल्या. "आता कुठं घरात फरशी आली. अन् तुमच्या विलायतेपायी मी परत शेणात हात घालू? बिलकुल न्हाई."

"अहो, ही कला आहे! तिकडं ही शिकायला शिकलीसवरलेली माणसं शिबिराला जातात. फी भरून जातात!"

"मंग त्यांनाच बोलवा की. जेवण मी घालते."

शेवटी सरांनी धोतर नेसलं, वर खोचलं आणि स्वतः लिंपायला बसले. आता, ज्या माणसानं तीस वर्षं खडूशिवाय कशाला हात लावला नाही, त्यानं कोपरापर्यंत शेणात बुडावं, यातला मोठेपणा गावाला दिसायला हवा होता. गावाला धोतर दिसलं. भोकरदनचा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून चालला होता, तो थांबला, खाली उतरला, पाया पडला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, पेन्शन सुरू न्हाई झाली का अजून?"

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी घर झालं. छपराला अंबडकडून उसाचं पाचट आलं. लाकडाला काळा रंग, भिंतीला चुना. खरं तर जुने इंग्रज लाकूड राखाडीच ठेवत, काळा रंग ही पुढच्या पिढ्यांची हौस. ही माहिती सर न विचारणाऱ्यालाही देत. शेजारच्या अंगदनं ती शांतपणे ऐकून घेतली. अंगदचं बदनापूरला बी-बियाणांचं दुकान, आणि दुकानात बसून बसून कुणालाही सल्ला द्यायची सवय.

"सर, ते सगळं बराबर हाय. पण रस्त्याच्या दुभाजकाचा रंग घराला काहून दिला?"

सगळ्यात नामी गोष्ट म्हणजे वरचा मजला. तो खालच्या मजल्यापेक्षा दोन हात पुढं, थेट बोळावर आलेला. याला जेटी म्हणतात. असं घर बांधण्याची कारणं विद्वान लोक वेगवेगळी सांगतात. कुणी म्हणतं जागा वाढावी म्हणून, कुणी म्हणतं तुळयांचा तोल साधावा म्हणून, कुणी म्हणतं निव्वळ श्रीमंती दाखवायला. ग्रामसेवक धम्मपाल भाऊसाहेबांना सरांनी नकाशा पसरून तिन्ही कारणं ऐकवली होती. भाऊसाहेब सज्जन माणूस. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "सर, लोक अतिक्रमण जमिनीवर करतात. हवेत करणारे तुम्हीच पहिले. यावर मला कलम शोधावं लागल." ते अजून शोधत होते.

आणि सरांच्या पत्नी उषाबाई? उषाबाईंचा या घराला पहिल्या दिवसापासून विरोध होता आणि तो तपशीलवार होता. कुरडया कुठं वाळवायच्या? छपरावर? पंखा कशाला लटकवायचा? गोदरेजचं कपाट भिंतीला टेकवलं तर भिंत आत जाते, न टेकवलं तर कपाट पुढं येतं. एप्रिलात बाभळी वाळायला लागल्या, तशी घरानं दुपारची कुरकुर सुरू केली. आधी एक खोड, मग दुसरं, मग सगळी मिळून, भजनाला बसल्यासारखी.

"ऐका," सर समाधानानं म्हणत, "सांधे आवळतायत."

"सांधे माझे आवळून राह्यले," उषाबाई म्हणत. "पोळपाटावर लाटणं ठेवलं की ते अंगदच्या घराकडं पळतंय. घर कलतंय, अहो."

"किंचित कलणारच. तिकडं एकसुद्धा घर सरळ नाही. वाकडेपणा हाच त्यांचा दागिना आहे."

एक गोष्ट मात्र उषाबाईंनी कुणापाशी बोलून दाखवली नाही. मे महिना तापला, अंगदच्या स्लॅबखाली पंख्यातून आग यायला लागली, आणि या शेणामातीच्या भिंतींच्या आत मात्र माठात बसल्यासारखं गार होतं. दुपारचं जेवण आटोपलं की गोपिकाबाई गुपचूप येऊन टेकायच्या. मग अंगदची बायको आली. मग तिची सासू. जमिनीवर पदर टाकून सगळ्या घोरायच्या आणि वर लाकडं कुरकुरायची.

असं चाललं होतं, तोवर कडब्याचा ट्रॅक्टर आला.

कडबा अंगदचा. ट्रॉली भरून, भरून म्हणजे आभाळाला टेकेल अशी रचून, बोळातून येत होती. ड्रायव्हरची नजर खाली, कारण जगात अडथळे खालीच असतात असा त्याचा आजवरचा अनुभव. वरच्या पेंढ्या सरांच्या जेटीत अडकल्या. ड्रायव्हरला वाटलं चाक रुतलं, म्हणून त्यानं जोर लावला. सर आत पुस्तक वाचत बसले होते. त्यांना असं वाटलं, की घर निघालं.

कर्र... असा एक लांबलचक आवाज झाला, कडबा तुटला, आणि घर, जे आतापर्यंत किंचित कललं होतं, ते चांगलं वीतभर अंगदच्या भिंतीकडं सरकून तसंच थांबलं. जणू काही कानात सांगायला वाकलं होतं.

"माझं चारशे वर्षांचं घर!" सर बाहेर येऊन गरजले.

"सर, दीड महिना झाला घराला," अंगद म्हणाला. "अन् माझ्या कडब्याचं काय? अन् हे घर माझ्या अंगणात झुकून राह्यलंय त्याचं काय?"

"तुझा ट्रॅक्टर माझ्या घराला धडकतो आणि वर मलाच विचारतोस?"

"ट्रॅक्टर रस्त्यावर व्हता! तुमचं घर रस्त्यावर काय करीत व्हतं?"

या प्रश्नाला उत्तर होतं, तीन उत्तरं होती, पण ती ऐकायला अंगद थांबला नाही. तो तरातरा पंचायतीत गेला.

आठवड्यानं नोटीस आली. पावसाळ्यापूर्वी पंचायत पडक्या घरांना देते तीच छापील नोटीस. 'आपले राहते घर जुने व मोडकळीस आलेले असून कोणत्याही क्षणी कोसळण्याची शक्यता आहे. सबब ते तात्काळ रिकामे करून उतरवून घ्यावे.'

सरांनी ती लाल पेनानं तपासली. 'तात्काळ' दुरुस्त करून 'तत्काळ' केलं आणि तालुक्याच्या कार्यालयात जाऊन टेबलावर आपटली.

"जुने?" सर म्हणाले. "रंग अजून हाताला लागतोय!"

टेबलामागच्या कारकुनानं नोटीस उलटसुलट पाहिली. "मग घर नवं आहे?"

"अर्थात नवं आहे."

"नवं घर मोडकळीला आलं म्हणजे निकृष्ट बांधकाम. त्याची चौकशी वेगळी होईल. ठेकेदार कोण? देखरेख कुणाची?"

देखरेख सरांची होती. सरांनी पवित्रा बदलला. "तसं पाहिलं, तर पद्धत जुनी आहे. चारशे वर्षांची. अशी घरं तिकडं सरकार जपतं. एक खुंटी बदलायची तर परवानगी लागते."

"मग जुनं आहे म्हणा. पुरातन वास्तू म्हणून अर्ज करा. जुनेपणाचा दाखला जोडा."

"दाखला कुठून आणू? घर मार्चमध्ये बांधलंय!"

"म्हणजे नवं आहे," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं.

सर परत येताना एसटीत उभेच राहिले. जागा होती, पण रागाला बसवेना. रात्री राजनंदिनीचा फोन आला. ती म्हणाली, "बाबा, इकडच्या आमच्या शेजाऱ्यांना फोटो दाखवला तुमच्या घराचा. ते म्हणाले, फार सुंदर दुरुस्त केलंय, मूळ कुठल्या शतकातलं?" सरांनी फोन उषाबाईंकडं दिला आणि उशीत तोंड खुपसलं.

पाहणीला तालुक्याहून प्रांजली मॅडम आल्या. तरुण इंजिनीअर, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी छपराच्या आढ्यापासून ओळंबा सोडला. ओळंब्याचं टोक भिंतीच्या बरंच बाहेर, तुळशीच्या कुंडीवर येऊन थांबलं. अख्खं गाव ते पाहत होतं आणि कुणीतरी "अरारा" असं म्हणालं. त्या माणसाला सरांनी ओळखून ठेवलं.

मग मॅडम आत गेल्या. खुंट्या पाहिल्या, कमानीवरून हात फिरवला, भिंतीला तळहात लावून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. बाहेरच्या उन्हातून आलेलं माणूस तिथं उभं राहणारच.

"सर, घर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "आणि माझं मत विचाराल तर लगेच पडणारही नाही. खालचे सांधे घट्ट बसलेत. पण वर दोन टेकू आणि एक तिरपी पट्टी लागेलच."

"लावतो! आजच लावतो!"

"पण मला लिहायचंय राहतं घर. राहत्या घराला भिंत ओळंब्यात लागते. इथं सुंदर असा रकाना नाही. घर म्हणून मी हे पास केलं आणि उद्या काही झालं, तर माझी नोकरी जाईल. सोमवारी जेसीबी येईल, सर. माफ करा."

त्या गेल्या. सर ओसरीवर बसून राहिले. कल्याण आला आणि टेकू लावून गेला. तिरपी पट्टीही त्यानं ठोकली, खुंटीनंच. संध्याकाळी अंगदही आला. "जेसीबी आणावा असं म्हणलं नव्हतं मी, सर," म्हणाला. सरांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, एकदा मनासारखं काही बांधलं, आणि ते पाडायला अख्खं सरकार एक झालं होतं.

उषाबाई हे सगळं दारातून पाहत होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी चांगलं लुगडं नेसलं, चपला घातल्या आणि सरांनी कुठं निघालीस म्हणून विचारलं तर "येते" एवढंच म्हणाल्या. दुपारी परत आल्या, पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं.

"जेसीबीचं मिटलं समजा," त्या म्हणाल्या. "जागा माझ्या नावावर हाय, म्हणून मीच अर्ज केला. भाऊसाहेबांना विचारलं, राहत्या घराला इतके नियम, मंग कशाला नियम नसतेत? ते म्हणले, गोठ्याला. म्हणलं, मंग गोठा लिवा."

सरांना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"गोठा?" ते उभे राहिले. "राणी एलिझाबेथच्या काळातला... क्रक... मी स्वतःच्या हातानं... गोठा?"

"अहो, घर राह्यलं ना? मंग नाव काय का लिहिनात."

"मी गोठ्यात राहणार नाही!"

"मंग जा अंगदच्या स्लॅबखाली. मी हितून हलणार न्हाई. अख्खा उन्हाळा मी पहिल्यांदा दुपारची झोपले या घरात," उषाबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी सरांच्या कुठल्याही कामाचं केलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं, आणि ते नेमकं अशा वेळी आलं की सरांना ते धड घेताही येईना.

रविवारी सकाळीच सरांनी कपाट उघडलं. पुस्तकं काढून बसले, आणि संध्याकाळी त्यांचा चेहरा एकाएकी उजळला. लाँगहाऊस! जुने इंग्रज शेतकरी एकाच लांबट छपराखाली राहत. एका टोकाला चूल आणि माणसं, दुसऱ्या टोकाला गाईबैल. मधून एक वाट. चांगले खातेपिते लोक असं राहत. म्हणजे गोठा हा अपमान नव्हताच. गोठा ही परंपरा होती.

सोमवारी भाऊसाहेब मोबाइल घेऊन आले. गोठ्याची नोंद करायची तर फोटो हवा आणि फोटोत जनावर हवं. मागं रस्त्यावर जेसीबी येऊन उभा होता, इंजिन चालू. वरून आलेला हुकूम रद्द झाल्याचा फोन त्याच्या ड्रायव्हरला अजून आला नव्हता, आणि नोंद झाल्याशिवाय तो फोन येणार नव्हता.

गोपिकाबाईंची म्हैस आणायचं ठरलं होतं. ती आलीही. पण काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपुढं येताच तिनं चारही पाय रोवले, डोळे फिरवले आणि दावं तोडून थेट पांदीला लागली. गोपिकाबाई तिच्यामागं धावल्या. धावताना त्या विलायतेला उद्देशून काही बोलल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरांचं तिकडं लक्षच नव्हतं. त्यांनी ओसरीवर भाऊसाहेबांना धरलं होतं आणि लाँगहाऊस समजावून द्यायला सुरुवात केली होती. मध्ये इंग्रजी अवतरणं, हातवारे, आवाज चढलेला. भाऊसाहेबांचा चहा गार होत चालला होता.

"सर, बराबर हाय तुमचं," शेवटी भाऊसाहेब अगतिक होऊन म्हणाले, "पण मला जल्दी हाय. तेवढं जनावराचं सांगा. काकू, गोठ्यात जनावरं किती लिहू?"

उषाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"एकच लिवा," त्या म्हणाल्या. "खातंपितं चांगलं हाय. मारकं न्हाई. फक्त ओरडतंय लई, अन् ते बी इंग्रजीत."

भाऊसाहेबांनी एकदा उषाबाईंकडं पाहिलं, एकदा सरांकडं पाहिलं, आणि मोबाइल वर उचलला.

सरांनी संतापानं तोंड उघडलं. रस्त्यावर जेसीबी घुरघुरत होता.

सरांनी तोंड मिटलं आणि फोटोसाठी जरा सरळ बसले.